आवाज येतोय का?

काल एका कंपनीच्या ऑनलाइन एजीएममध्ये, म्हणजे भागधारकांच्या वार्षिक सभेत, माझा माईक सुरूच केला नाही त्यांनी. वक्ता म्हणून आगाऊ नाव नोंदवलं होतं, शेअर ज्यात असतात त्या डिमॅट खात्याचा नंबर दिला होता, दादरच्या आमच्या घरात रेंज फक्त बाल्कनीत येते म्हणून तिथे स्टूल टाकून बसलो होतो. प्रश्न एकच: नफा वाढला, मग लाभांश का घटला?

माझ्याआधी डोंबिवलीचे एक काका. नाव पुकारलं तेव्हा पडद्यावर नुसता पंखा. मग कपाळ. "आवाज येतोय का?"

"येतोय सर, बोला," मॉडरेटर.

"नाही, पण नीट येतोय का?"

मागून बाईमाणसाचा आवाज: "अहो, आधी शर्ट घाला!"

शर्टाची बटणं लागेपर्यंत अख्खं संचालक मंडळ त्या पंख्याकडे बघत बसलं. मग काकांनी चेअरमनना शतायुषी केलं. सेक्रेटरींनी नोटीस वेळेत पाठवली म्हणून त्यांचं कौतुक केलं. (अहो, २१ दिवस आधी नोटीस देणं कायद्यानेच बंधनकारक आहे, उपकार कसले?) मग स्वरचित काव्य: "शेअर तुमचा चढत राहो, दलाल स्ट्रीट बघत राहो!" आणि शेवटी मुद्दा: "बिर्ला मातोश्रीत सभा व्हायच्या तेव्हा सामोसा-वेफरचं पाकीट मिळायचं. ते कुरिअर करता येईल का?"

चेअरमन गंभीरपणे म्हणाले, "सूचना नोंदवून घेतली आहे."

२०२० च्या एप्रिल-मेमध्ये कोरोनामुळे सरकारने परिपत्रकं काढून ऑनलाइन सभेला परवानगी दिली, मग मुदतवाढीवर मुदतवाढ. नागपूरच्या भागधारकाची सोय झाली, कबूल. पण हॉलमध्ये उभं राहून ओरडता तरी यायचं, चहाच्या टेबलापाशी संचालकाला गाठता यायचं. आता माईकची कळ त्यांच्याच हातात. सभासद पाच हजारांवर असले तरी गणपूर्तीला (सभा वैध ठरायला लागणाऱ्या किमान हजेरीला) तीस माणसं पुरतात, आणि व्हिडिओवरची हजेरीही धरतात. म्हणजे काकांचा पंखासुद्धा गणपूर्तीत!

काकांचं आटोपलं आणि मॉडरेटर गोड आवाजात म्हणाली, "वेळेअभावी उरलेल्या वक्त्यांनी प्रश्न ईमेल करावेत." उरलेला मीच.

सभा संपल्यावर मतदान पंधरा मिनिटं चालू होतं. तावातावाने लाभांशाच्या ठरावावर 'विरोधात' दाबणार, तेवढ्यात आठवलं: मंडळाने सुचवला त्याहून जास्त लाभांश सभेला मंजूर करता येत नाही, आणि ठराव पडला तर आहे तोही जाणार. गुपचूप 'बाजूने' दाबलं.