‘लाउंज घ्या, पाच लाख दाखवा’: शेंगेन व्हिसाच्या फॉरवर्डला उत्तर

मे महिन्याची सुट्टी जवळ आली की एक फॉरवर्ड फिरायला लागतो. शब्द थोडेफार बदलतात, गाभा तोच: शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याचशा देशांत चालणारा एकच व्हिसा) 15 दिवसांत द्यावाच लागतो, खात्यात पाच लाख दाखवले की काम फत्ते, ज्या देशाची अपॉइंटमेंट मिळेल तिथून अर्ज टाका, व्हिसा अर्ज केंद्रातली प्रीमियम लाउंज घेतली की फाइल पुढे सरकते, आणि एकदा नकार आला की युरोप कायमचा बंद. यातलं 15 दिवसांचं तेवढं अर्धं खरं आहे, आणि लोक नेमके तिथेच फसतात.

15 दिवसांची मुदत नियमात आहे, पण ती अर्ज दाखल झाल्यापासून मोजतात. तुम्ही अपॉइंटमेंटची तारीख शोधायला बसलात तेव्हापासून नाही. शिवाय जास्त छाननी करायची ठरली तर तीच मुदत 45 दिवसांपर्यंत जाते. आणि खरा वेळ खातो तो स्लॉट, म्हणजे अर्ज द्यायची अपॉइंटमेंट. मे-जूनला जाणारे बरेचसे मार्चमध्ये जागे होतात, मग रात्री-बेरात्री वेबसाइट उघडून बसतात. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, म्हणजे मेच्या सहलीचा अर्ज जानेवारीत टाकायला काहीच आडकाठी नाही. ही एक ओळ फॉरवर्डमध्ये कधीच नसते. त्यात कोणाचं कमिशन नाही ना!

लाउंजचं थोडक्यात: बसायला सोफा, चहा-कॉफी, कमी गर्दी. केंद्र कागद गोळा करतं, बोटांचे ठसे घेतं, फाइल वकिलातीकडे पाठवतं. निर्णयात त्याला हात घालताच येत नाही, नियमच तसा आहे. वयस्कर आईवडील सोबत असतील तर खुशाल घ्या, सोयीसाठी.

आता पाच लाख. असा जादूचा आकडा नाही. खर्चाची पुरेशी सोय आहे का, हे प्रत्येक देश आपापल्या हिशेबाने आणि मुक्कामाच्या दिवसांवरून ठरवतो. स्टेटमेंट तपासणाऱ्याच्या जागी बसून बघा. पाच महिने शिल्लक पंधरा-वीस हजारांच्या आसपास, आणि अर्जाच्या आठवडाभर आधी एकदम साडेचार लाख जमा. हे पैसे मेहुण्याचे आहेत आणि सहलीनंतर परत जाणार आहेत, हे कळायला फार हुशारी लागत नाही. त्यापेक्षा दर महिन्याला पगार जमा होणारं, हप्ते कापले जाणारं साधं खातं, आयकर विवरणपत्र आणि कंपनीचं रजेचं पत्र जास्त बोलतं. एफडी मोडून किंवा प्लॉट विकून पैसे आले असतील तर त्याचा कागद जोडा आणि अर्जासोबतच्या तुमच्या पत्रात दोन ओळींत सांगा. जाता जाता: पासपोर्टवर माहेरचं नाव आणि बँकेत सासरचं असेल तर विवाह नोंदणीचा दाखलाही लावा. तिकिटाचं मात्र आरक्षण चालतं, व्हिसा हातात येण्याआधी पैसे परत न मिळणारं तिकीट काढून बसू नका.

‘मिळेल त्या देशाचा अर्ज’ हा सल्ला सगळ्यात महाग पडतो. मुख्य मुक्काम ज्या देशात, अर्ज त्या देशाकडे. इटलीत सहा रात्री आणि स्वित्झर्लंडमध्ये तीन, तर इटली. मुक्काम सारखाच असेल तर पहिला प्रवेश जिथे, तो देश. काही जण स्लॉट मिळालेल्या देशातलं हॉटेल खोटंच बुक करतात आणि व्हिसा आला की रद्द करतात. विमानतळावर अधिकाऱ्याने बुकिंग मागितलं तर काय दाखवणार? फसवणूक करून मिळवलेला व्हिसा तिथेच रद्द होऊ शकतो.

राहिला नकार. फी, मोठ्यांसाठी जून 2024 पासून 90 युरो, परत मिळत नाही, हे खरं. पण आधीचा नकार म्हणजे पुढचाही आपोआप नकार नव्हे. नियमावलीत तसं स्पष्ट लिहिलंय. नकारासोबत छापील पत्रक येतं, त्यात कारणावर खूण असते. अपील करता येतं, किंवा तेवढी त्रुटी दुरुस्त करून नवा अर्ज. तीच फाइल दुसऱ्या देशाकडे नेऊन लपत मात्र काही नाही, कारण शेंगेन देशांच्या सामाईक यंत्रणेत नोंद पाच वर्षांपर्यंत राहते. जुनी नोंद कामालाही येते. एप्रिल 2024 पासून भारतात राहणाऱ्या भारतीयांसाठी नियम सैल झालाय: गेल्या तीन वर्षांत दोन व्हिसे घेऊन नीट वापरले असतील तर पुढचा साधारणपणे दोन वर्षांचा, अनेक फेऱ्यांचा मिळतो, आणि त्यानंतरचा पाच वर्षांचा, पासपोर्टची मुदत तेवढी उरली असेल तर.