‘खोडदच्या डिश हलवा, रेल्वे आणा’: व्हायरल मेसेजमधल्या मुद्द्यांना उत्तर

पुणे-नाशिक सेमी हायस्पीड रेल्वेचा नारायणगावमार्गे आखलेला मार्ग खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीपाशी (आकाशातून येणाऱ्या क्षीण रेडिओ लहरी ऐकणाऱ्या ३० मोठ्या डिश, म्हणजेच अँटेना) अडला आणि रेल्वे मंत्रालयाने शिर्डीच्या बाजूने जाणारा पर्याय पुढे केला. तेव्हापासून एक लांबलचक मेसेज फिरतो आहे. त्याचं सार असं: दुर्बीण तिथेच आहे आणि सगळ्यांचे मोबाइल चालतात, मग रेल्वेनेच काय बिघडतं? बिघडलंच तर सॉफ्टवेअरने आवाज गाळता येतो. तेही नको असेल तर डिश उचलून दुसरीकडे न्या. नाहीतरी ती जुनी झाली, आता ऑस्ट्रेलियात नवी होते आहे. शिवाय तिच्या किरणांनी पाऊसही पळतो म्हणे.

जुन्नर-आंबेगावला रेल्वे हवी, हे रास्तच आहे. टोमॅटो आणि कांदा पिकवणाऱ्या पट्ट्याने ती मागायची नाही तर कोणी मागायची? पण त्या मागणीला टेकू म्हणून लावलेली ही विधानं टिकत नाहीत.

‘मोबाइल चालतात, मग रेल्वे का नाही?’

सर्वांत जास्त पटणारा मुद्दा हाच, म्हणून त्याला जरा वेळ देऊ.

जीएमआरटी सध्या रेडिओ वारंवारतांच्या चार पट्ट्यांत ऐकते: साधारण १२५ ते २५०, २५० ते ५००, ५५० ते ८५० आणि १०५० ते १४५० मेगाहर्ट्झ. मधली ८५० ते १०५० ही फट पाहा. ९०० मेगाहर्ट्झचे मोबाइल टॉवर त्याच फटीत येतात. टॉवरचा त्रास होतोच, पण त्याची वारंवारता ठरलेली असते, पट्टा अरुंद असतो, आणि तेवढा भाग फिल्टर लावून बाजूला ठेवता येतो.

विजेवरच्या रेल्वेचं तसं नाही. वर २५ हजार व्होल्टची तार, तिला घासत जाणारा पँटोग्राफ, म्हणजे तारेतून वीज घेणारा गाडीच्या छतावरचा सांगाडा. वेग ताशी २०० किलोमीटरच्या घरात गेला की पँटोग्राफ तारेवरून क्षणभर सुटतो, पुन्हा टेकतो, आणि दर वेळी ठिणगी पडते. ठिणगी म्हणजे अत्यंत कमी वेळाचा विद्युतझटका, आणि झटका जितका आखूड तितका त्याचा रेडिओ पसारा रुंद. ती एका वारंवारतेवर बोलत नाही. काही किलोहर्ट्झपासून शेकडो मेगाहर्ट्झपर्यंत सगळीकडे एकदम कडकडते. कोणता पट्टा फिल्टरने कापणार?

आजही दुर्बिणीला खालच्या पट्ट्यांत सर्वांत जास्त छळतात त्या साध्या वीजवाहिन्याच. तडा गेलेला इन्सुलेटर, सैल पडलेली पिन, गंजलेला जोड, यांतल्या कुठल्याही फटीत ठिणग्या पडत राहतात. रेल्वेमार्ग म्हणजे अशा जोडांची आणि इन्सुलेटरची किलोमीटरच्या किलोमीटर लांब माळ.

मेसेज लिहिणाऱ्याच्या नजरेतून आणखी एक गोष्ट सुटली आहे. ‘कवच’ ही टक्कररोधक यंत्रणा ४०६ ते ४७० मेगाहर्ट्झच्या दरम्यानच्या रेडिओवर बोलते, आणि रेल्वेला दळणवळणासाठी ७०० मेगाहर्ट्झच्या बँडमध्ये जागा दिलेली आहे. पहिली दुर्बिणीच्या दुसऱ्या पट्ट्यात पडते, दुसरी तिसऱ्यात. त्यामुळे ‘डिझेल इंजिन चालवा’ हा मेसेजखाली येणारा तोडगाही अर्धाच ठरतो. ठिणग्या कमी होतील, रेडिओ राहील.

‘एवढ्याशा आवाजाने काय होतं?’

रेडिओ खगोलशास्त्रात तेजस्विता जान्स्कीत मोजतात. एका वॉटला १ वर २६ शून्यं ठेवून भागावं, तेवढी शक्ती दर चौरस मीटरला आणि दर हर्ट्झमागे आली की झाला एक जान्स्की. आता चंद्रावर १ वॉटचा, २०० किलोहर्ट्झ पट्ट्याचा जुना मोबाइल चालू ठेवला असं धरा. पावणेचार लाख किलोमीटरांहून लांबून तो इथे सुमारे २७० जान्स्की दिसेल. जीएमआरटीच्या खोल निरीक्षणांतला पार्श्वभूमीचा गोंगाट जान्स्कीच्या एक लाखांश भागाच्या आसपास असतो. म्हणजे चंद्रावरचा तो फोन दोन कोटी पटींहून जास्त प्रखर. आणि रेल्वे चंद्रावरून जाणार नाही, काही किलोमीटरांवरून जाणार आहे.

‘सॉफ्टवेअरने गाळून टाका’

गाळणी आहेच. सुधारित जीएमआरटीत वीजवाहिन्यांच्या ठिणग्या चालू निरीक्षणातच ओळखून ते नमुने टाकून देणारी यंत्रणा बसवलेली आहे. मर्यादा तिच्या पुढे सुरू होतात.

टाकलेला डेटा परत येत नाही. अर्धा डेटा गेला तर गोंगाट १.४ पट होतो, आणि तीच संवेदनक्षमता मिळवायला दुप्पट वेळ लागतो. हस्तक्षेप, म्हणजे बाहेरचा नको असलेला रेडिओ आवाज, फार जोरकस असेल तर संकेत मोठा करणारा अँप्लिफायरच दबतो. मग नसलेल्या वारंवारताही नोंदीत उगवतात आणि चांगला डेटाही बिघडतो. याहून त्रासदायक असतो तो मंद हस्तक्षेप. एका सेकंदाच्या नोंदीत तो दिसतच नाही, म्हणून गाळणीत सापडत नाही. अतिदूरच्या आकाशगंगांतल्या हायड्रोजनचा मागमूस काढायला शंभर-शंभर तासांचा डेटा एकत्र करतात, तेव्हा हाच न दिसलेला मळ साचून वर येतो.

अँटेनांचे संकेत जोडीजोडीने ताडून पाहतात, आणि दूर पसरलेल्या अँटेनांच्या जोड्यांत जमिनीवरचा हस्तक्षेप बराच पुसला जातो, हे खरं. पण ३० पैकी १४ अँटेना मध्यभागी सुमारे एक चौरस किलोमीटरात दाटीने आहेत. त्या जवळच्या जोड्यांत तो तसाच राहतो. ठरावीक लयीत रेडिओ झोत टाकणाऱ्या स्पंदक ताऱ्यांच्या (पल्सार) निरीक्षणात तर अनेक अँटेनांचे संकेत थेट एकत्र करतात, तिथे ही सवलत जवळपास नाहीच.

‘डिश उचला आणि दुसरीकडे न्या’

प्रत्येक डिश ४५ मीटर व्यासाची. फिरणारा भाग शंभर टनांहून जड, तो काँक्रीटच्या बुरुजावर बसवलेला. पृष्ठभाग पत्र्याचा नाही. १६ पोलादी कमानींवर दोरखंडांच्या ताणाने बसवलेली, ०.५५ मिलिमीटर स्टीलच्या तारेची जाळी आहे. जीएमआरटी उभी करणारे रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप आणि सहकाऱ्यांच्या या रचनेमुळेच वारा आरपार जातो आणि एवढी मोठी डिश स्वस्तात उभी राहते. ती सुटी करून नेणं म्हणजे नवी बांधणं. शिवाय १६ अँटेना इंग्रजी वाय अक्षराच्या तीन भुजांवर आहेत, टोकापासून टोकापर्यंत सुमारे २५ किलोमीटर. सगळ्यांना ऑप्टिकल फायबर जोडलेली.

जागाही सहज मिळणारी नाही. भोवती डोंगरांचा आडोसा, पुणे जवळ, आणि अक्षांश १९ अंश उत्तर. भूचुंबकीय विषुववृत्ताजवळचं खवळलेलं आयनमंडल (वातावरणाचा विद्युतभारित वरचा थर) टळावं इतकं उत्तरेला, दक्षिणेचं आकाश बरंच दिसावं इतकं दक्षिणेला.

‘जुनी झाली, ऑस्ट्रेलियात नवी होतेय’

ही नवी दुर्बीण म्हणजे एसकेए (स्क्वेअर किलोमीटर अ‍ॅरे) हा आंतरराष्ट्रीय प्रकल्प. तिचे दोन भाग आहेत, एक पश्चिम ऑस्ट्रेलियात, दुसरा दक्षिण आफ्रिकेत. भारत त्यात सहभागी आहे, केंद्राने १,२५० कोटी रुपये मंजूर केले आहेत. पण दोन्ही जागा दक्षिण गोलार्धात. उत्तर ध्रुवाकडचं आकाश तिथून क्षितिजाखाली राहतं, खोडदहून ते दिसतं.

आणि ‘जुनी’ म्हणजे काय? डिश जुन्या आहेत, पण रिसीव्हर आणि संगणकीय भाग गेल्या दशकात बदलले. २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये मंगळावर उतरू पाहणाऱ्या युरोपच्या शियापरेली यानाचा क्षीण संकेत इथे पकडला गेला. २०२३ मध्ये नॅनोहर्ट्झ (एका आंदोलनाला काही वर्षं घेणाऱ्या) गुरुत्वीय लहरींचे पुरावे जाहीर झाले, त्यात इथल्या स्पंदक ताऱ्यांच्या नोंदी होत्या.

‘दुर्बिणीच्या किरणांनी पाऊस पळतो’

दुर्बीण किरणं सोडत नाही, फक्त ऐकते. पुढे.

मग मागायचं काय?

अंतर दहापट वाढलं की हस्तक्षेप शंभरपट घटतो. मध्ये डोंगर आला तर आणखी घटतो, पण वरच्या पट्ट्यांत जास्त आणि खालच्यांत कमी, कारण १५० मेगाहर्ट्झची दोन मीटर लांबीची लहर कड्यावरून वळून पलीकडे उतरते. बोगदा चांगलं झाकतो, फक्त त्याचं तोंड दुर्बिणीकडे नको. म्हणून प्रत्येक पर्यायी आखणीसाठी तीन गोष्टी जाहीर व्हाव्यात: जवळच्या अँटेनापासूनचं अंतर, मधल्या जमिनीचा उंच-सखल आलेख, आणि अशाच वेगाच्या धावत्या गाडीजवळ चारही पट्ट्यांत घेतलेलं मोजमाप. ते आकडे आले की नारायणगावपासून किती दूरवर स्थानक शक्य आहे, हे ग्रामसभेतही मांडता येईल.