खेळ जमिनीवरून दिवाणावर आणा

आजी-आजोबांसाठीच्या एका लेखात 'नातवंडांसोबत जमिनीवर बसून खेळा' असा सल्ला वाचला; तो गुडघेदुखीवाल्यांना महागात पडेल. मांडी घातली की गुडघा खूप दुमडतो, वाटीवर दाब वाढतो. उठताना तर जास्तच. त्यापेक्षा खेळच दिवाणावर मांडा, आपण समोर खुर्चीत. तान्ह्या पोळ्याचा (विदर्भातला मुलांचा पोळा) चाकांचा लाकडी नंदी वर्षभर माळ्यावर कशाला? दिवाणावर मस्त पळतो.

पोराला बोटांनी उचलू नका, अंगठ्याचा सांधा दुखावतो. आधी बसा, त्याला मांडीवर चढू द्या, आधार कोपरापुढच्या हाताचा.

१५-२० मिनिटांनी बसण्याची ढब बदला. खेळानंतर वाढलेलं दुखणं २ तासांनीही टिकलं, तर उद्या खेळ कमी. सांधा गरम, सुजलेला असेल त्या दिवशी फक्त कोडी. नागपूरच्या डिसेंबरात सकाळी आखडलेले सांधे मोकळे झाल्यावरच चेंडू काढा.