अल्पभूधारकाला मदत करताना घ्यावयाची काळजी

हवामानबदलाशी जुळवून घेण्यासाठी अल्पभूधारक शेतकऱ्याला मदत करण्याचा आपला निश्चय झाला असेल, तर सर्वप्रथम त्याच्या शेतावर जाणे टाळावे. तेथे चिखल असतो आणि शेतकरी प्रश्न विचारतो. पहिल्या सरीवर पेरले, मग पावसाने वीस दिवस खंड दिला. पायाच्या अंगठ्याने माती उकरली, तर फुगलेले बी कोंब न फुटताच सुकलेले निघाले. आता दुबार पेरणी करावी की वाट पाहावी, आणि करायचीच तर बियाण्याला पैसा कोठून आणावा, असे काहीसे तो विचारील. याचे उत्तर आजच्या आज द्यावे लागते. आपला प्रकल्प तर पाच वर्षांचा आहे.

त्यापेक्षा कार्यशाळा घ्यावी. तिला एक शेतकरी अवश्य बोलवावा, शक्यतो कमी बोलणारा, आणि जेवणाआधीची पाच मिनिटे त्याला द्यावीत. मिश्र पिके घेण्याचा सल्ला त्याला आवर्जून द्यावा. त्याचे आजोबा तीच घेत असत आणि एकाच पिकाच्या मागे लागण्याचा सल्ला आपल्यासारख्याच तज्ज्ञांनी दिला होता, हा तपशील टिपणात नसावा.

पैशाच्या बाबतीत घाई करू नये. २०२० पासून विकसनशील देशांना दरवर्षी १०० अब्ज डॉलर मिळवून देण्याचे वचन श्रीमंत देशांनी २००९ साली कोपनहेगनच्या हवामान परिषदेत दिले आणि तो आकडा प्रथम गाठला गेला २०२२ साली. (पेरणीला दोन वर्षे उशीर करून पाहावा, असे मात्र शेतकऱ्याला सुचवू नये, तो विनोद त्याला कळत नाही.) दोन हेक्टरांपर्यंतची शेते जगाच्या अन्नातला सुमारे एक तृतीयांश हिस्सा पिकवतात, हे वाक्य भाषणात जरूर घ्यावे, हवामानासाठीच्या एकूण निधीतले जेमतेम दोन टक्केही छोट्या शेतीपर्यंत पोहोचत नाहीत, हे त्याच भाषणात घेऊ नये.

विमा मात्र द्यावाच, आणि तोही पर्जन्यमानावर आधारलेला, म्हणजे नुकसान पाहायला कोणाला बांधावर जावे लागत नाही. भरपाई ठरवणारा पर्जन्यमापक वीस किलोमीटरवर, कार्यालयाच्या आवारात उभा असतो. एखादा ढग नेमका त्या आवारावर बरसला, तर नियमाप्रमाणे शेतातही पाऊस पडलेला असतो, मग पीक उभ्याने करपले असले तरी. भेगाळलेल्या जमिनीचे छायाचित्र घेऊन शेतकरी आलाच, तर ते जपून ठेवावे. मुखपृष्ठाला उपयोगी पडते.

शेवटी अहवाल. त्यात 'अपयश' हा शब्द कोठेही येऊ देऊ नये. दुसऱ्या पेरणीसाठी त्याने शेळ्या विकल्या असतील, तर 'पशुधनाचे सुयोग्य व्यवस्थापन' असे लिहावे. थोरला मुलगा शहरात बांधकामावर मजुरीला गेला असेल, तर 'उपजीविकेचे वैविध्यीकरण साध्य' असे लिहावे. आणि करणारे कोणी न उरल्याने शेत पडीक राहिले असेल, तर तेवढे क्षेत्र 'जमिनीला विश्रांती' या रकान्यात मोजून घ्यावे.