क्वार्टरबॅकला सप्टेंबरपासून पळवा

मोसम तोंडावर आला की कोलंबसमधल्या आम्हा मराठी मंडळींत एक वाद हमखास पेटतो. ओहायो स्टेट या आपल्या विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाने क्वार्टरबॅकला, म्हणजे चाल सुरू करून बॉल फेकणाऱ्या खेळाडूला, स्वतः बॉल घेऊन पळवावं की नाही? "पोराला जपा, त्याचं काम फेकायचं" असं बहुतेकांचं म्हणणं. मला ते अजिबात पटत नाही. का पटत नाही, ते आज सविस्तर लिहितो.

आधी साधं गणित बघा. मैदानात दोन्हीकडे अकरा-अकरा. क्वार्टरबॅकने बॉल रनिंग बॅकच्या, म्हणजे बॉल घेऊन पळणाऱ्या खेळाडूच्या, हातात दिला आणि तो बाजूला उभा राहिला, तर वाट मोकळी करायला आपले नऊच उरतात. समोर मात्र अकराच्या अकरा. क्वार्टरबॅक स्वतः पळाला, की रनिंग बॅकही पुढे घुसून कुणालातरी अडवू शकतो आणि नऊचे दहा होतात. झोन रीड नावाच्या चालीत तर याहून गंमत. टोकाच्या डिफेंडरला मुद्दाम कुणी अडवतच नाही. क्वार्टरबॅक बॉल रनिंग बॅकच्या पोटाशी धरून फक्त त्या एका माणसाकडे बघतो. तो आत धावला तर बॉल काढून घेऊन बाहेरून पळायचं, जागेवर थांबला तर देऊन टाकायचा. कबड्डीत चढाई करणारा कोपरारक्षकाचं पाऊल बघून दिशा ठरवतो ना, तसंच हे. पण क्वार्टरबॅक कधीच पळत नाही हे त्या डिफेंडरला पक्कं ठाऊक असेल, तर तो बेधडक आत घुसतो आणि सगळी चालच मरते.

आता 10 जानेवारी 2025 ची टेक्ससविरुद्धची सेमीफायनल आठवा. चौथा क्वार्टर, 14-14 बरोबरी, चौथा डाउन (दहा यार्ड पुढे जायला मिळणाऱ्या चार प्रयत्नांतला शेवटचा), दोन यार्ड बाकी. आपल्या क्वार्टरबॅक विल हॉवर्डने बॉल स्वतःकडेच ठेवला आणि मधून सुसाट सुटला. 18 यार्ड! पाय अडखळून पडला नसता तर थेट एंड झोन, म्हणजे मैदानाच्या टोकाचा गुण मिळवायचा पट्टाच, गाठला असता. त्याच ड्राइव्हवर, म्हणजे बॉल आपल्याकडे असतानाच्या त्याच सलग चालींत, रनिंग बॅक जडकिन्सने बॉल एंड झोनमध्ये नेऊन टचडाउन केला. आपल्या डिफेंडर जॅक सॉयरने नंतर बॉल उचलून मारलेली 83 यार्डांची धाव सगळ्यांच्या लक्षात आहे, पण त्याआधीची आघाडी हॉवर्डच्या पायांनी मिळवून दिली होती. दहा दिवसांनी अटलांटात नोत्र दामविरुद्धच्या फायनलमध्ये तो 16 वेळा पळाला, 57 यार्ड काढले आणि आपण 34-23 ने जिंकलो. आकडा फार मोठा दिसत नाही. पण कॉलेज फुटबॉलमध्ये सॅकचे, म्हणजे फेकण्याआधीच क्वार्टरबॅकला मागे पाडल्याचे, यार्डही क्वार्टरबॅकच्या धावांतूनच वजा होतात, त्यामुळे नुसता आकडा बघून त्याचं पळणं मोजू नये.

हा मुलगा पळायला इथे शिकला नव्हता. 2023 मध्ये कॅन्सस स्टेटकडून त्याने धावून नऊ टचडाउन केले होते. हत्यार घरात होतंच. ते नेहमीच्या वापरात का नसावं, एवढाच माझा प्रश्न आहे.

आपल्याच आधीच्या क्वार्टरबॅकचं, सी. जे. स्ट्राउडचं, तर अजून मनाला लागतं. दोन मोसम तो जवळपास पळालाच नाही. 2021 मध्ये सॅक धरून त्याचे धावांचे यार्ड शून्याच्याही खाली होते. आणि 31 डिसेंबर 2022 ला जॉर्जियाविरुद्ध पीच बोल या सेमीफायनलमध्ये, सगळं पणाला लागल्यावर, तोच पोरगा पळाला आणि काय सुरेख पळाला! शेवटच्या ड्राइव्हवर 27 यार्ड. त्यानंतर मात्र बॉल फारसा पुढे सरकला नाही, गुणांसाठी मारलेली 50 यार्डांची किक बाहेर गेली आणि आपण 42-41 ने हरलो. ज्याने त्या रात्री हे करून दाखवलं, त्याच्याकडून ते वर्षभर करून घेतलं असतं तर प्रतिस्पर्ध्यांना तयारीच वेगळी करावी लागली असती.

दुखापतीची भीती खरी आहे, ती मी उडवून लावत नाही. जानेवारी 2010 च्या फायनलमध्ये टेक्ससचा क्वार्टरबॅक कोल्ट मकॉय पहिल्याच ड्राइव्हवर पळताना खांद्याला मार बसून बाहेर गेला आणि अलाबामाने 37-21 ने सामना नेला. आपल्या क्वार्टरबॅक जे. टी. बॅरेटचा घोटा 2014 मध्ये मिशिगनविरुद्ध पळतानाच मोडला. पण पॉकेटमध्ये, म्हणजे आपल्या अडवणाऱ्यांच्या घेऱ्यात, उभ्या क्वार्टरबॅकला मागून, न दिसणारा धक्का बसतो तो काय हलका असतो? पळताना निदान समोरचा माणूस दिसतो. पाय पुढे करून घसरता येतं, रेषेबाहेर जाता येतं. हे सरावाने अंगात मुरतं, आणि सामन्यात पळवलंच नाही तर मुरणार कधी?

अतिरेकही नको. त्याच अटलांटाच्या फायनलमध्ये नोत्र दामने पहिल्या ड्राइव्हवर आपल्या क्वार्टरबॅक रायली लेनर्डला 18 चालींपैकी नऊ वेळा पळवलं. टचडाउन झाला, पण पोरगा पार दमला आणि अख्ख्या सामन्यात त्याचे जेमतेम 40 यार्ड झाले. मला तसं नको. सामन्याला पाच-सहा ठरवून आखलेल्या धावा, त्याही तिसऱ्या डाउनला दोन-तीन यार्ड हवे असताना आणि गोल लाइनजवळ. बाकी त्याला खुशाल फेकू दे.

आणि दुसऱ्या क्रमांकाच्या क्वार्टरबॅकला सप्टेंबरच्या सोप्या सामन्यांत पूर्ण ड्राइव्ह द्या, नुसता शेवटी वेळ संपवायला बॉल धरून गुडघा टेकवायला उतरवू नका. बॅरेट पडल्यावर कार्डेल जोन्सने विस्कॉन्सिन, अलाबामा आणि ओरेगन या तिघांना हरवून विजेतेपद आणलं होतं. तो तिसऱ्या क्रमांकाचा होता, कारण पहिल्या क्रमांकाचा ब्रॅक्स्टन मिलर मोसमाआधीच जायबंदी झाला होता. बेंचवरचा मुलगा तयार असेल, तर पहिल्याला पळवताना कोचचा हात आखडणार नाही.