'अंदाजपंचे कारभार' म्हणणाऱ्या वाचकांसाठी

मागच्या लेखात मी लिहिलं होतं की कारखान्यातले रोजचे निर्णय मॅनेजरनं अनुभवावर पटकन घ्यावेत, दर गोष्टीला मीटिंग नको. त्यावर 'अनामिक' यांची लांबलचक कॉमेंट आलीय. त्यातलं हे एक वाक्य बघा, "अंदाजपंचे कारभाराला तुम्ही अनुभव म्हणताय, एसी केबिनमधून असंच दिसतं."

अहो, मुद्दा मांडा की, कोण नको म्हणतंय, पण ही केबिन मधेच कुठून काढली? माझी उमेदीची वर्षं अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या डाइंगला, म्हणजे रंगाईला गेलीत, एकतर सोलापूरचं ऊन त्यात बॉयलरची धग, आणि एसी तर मालकालाच नव्हता, कूलर होता त्यात पाणी आम्ही भरायचो. तिथं निर्णय कसा होतो ते ऐका. मशीनमधून मरून शेडचा तुकडा काढला, ट्यूबलाइटखाली सॅम्पलशी एकदम मॅच, पण आमचे मास्टर तो घेऊन सरळ दारात उन्हात जायचे, कारण ट्यूबखाली जुळलेला रंग उन्हात वेगळा पडू शकतो. दोनदा उलटसुलट करून बघायचे आणि म्हणायचे, "निळं मारतंय, टॉपिंग द्या." म्हणजे थोडा रंग वाढवून शेड जुळवा. बास. बाहेर गाडी लागलेली, पार्टीचे फोनवर फोन, तिथं कमिटी बसवू का? मला काय बोलायचं ते बोला, पण त्या माणसाच्या नजरेला अंदाजपंचे म्हणू नका.

वर सल्ला काय, तर "कानेमान वाचा." वाचलाय हो! माणसाचे अंदाज कुठं फसतात ते दाखवणाऱ्या त्याच मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमाननं २००९ मधे गॅरी क्लाइनबरोबर पेपर लिहिलाय. क्लाइन म्हणजे आगीच्या ठिकाणी फायर ब्रिगेडचे ऑफिसर कसं ठरवतात ते अभ्यासलेला माणूस, त्याला दिसलं की ते चार पर्याय मांडून तुलना करत बसत नाहीत, पहिला सुचलेला डोक्यात चालवून बघतात, जमतोय वाटलं की कामाला लागतात. दोघं एकमेकांच्या विरुद्ध टोकाचे, तरी एकमत झालं की जिथं परिस्थितीला काही नियम आहे आणि आपलं चुकलं का बरोबर हे नीट कळत राहतं, तिथं मुरलेल्या माणसाच्या आतल्या आवाजावर भरवसा ठेवता येतो. डाइंगमधे चूक संध्याकाळच्या आत तोंडावर येते. हां, माणूस कामाला घेताना तसं कळत नाही, तिथं वापरा तुमचा डेटा, एवढं मान्य.

कामगारांना विचारा म्हणताय, तर कधी एकट्यानं ठरवायचं आणि कधी सगळ्यांना घेऊन, हे मॅनेजमेंटचे अभ्यासक व्रूम आणि येटननी १९७३ मधेच मांडून ठेवलंय, त्यावर परत कधीतरी. गड्ड्याच्या, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेच्या सुट्ट्या आम्ही कामगारांना विचारूनच लावायचो, झालं समाधान?

बाकी जे लिहिलंय ते सोडून देतो. फक्त पुढच्या वेळी नाव टाकून लिहा, सर म्हणायचं का मॅडम तेवढं तरी कळू दे.