‘धातूंची कसरत’ या आरोपापुरते

सप्रेम नमस्कार.

‘शालोम’ या हिब्रू शब्दाचा अर्थ, त्याचा धातू (शब्दाचे मूळ) पाहता, नुसत्या शांततेपुरता नाही, असे मांडणाऱ्या माझ्या लेखावर आपण लिहिलेत : “शालोम म्हणजे शांतता, इतके सरळ आहे, बाकी सगळी धातूंची कसरत. अभ्यास वाढवा.” शिवाय बायबलमधील फिनहास या याजकाविषयी एक प्रश्न विचारलात आणि सनाची चूक दाखवलीत. चूक मान्य आहे. ‘शालोम’ने संपणारा याजकीय आशीर्वाद कोरलेल्या चांदीच्या सुरळ्या जेरुसलेममध्ये केतेफ हिन्नोम येथे १९७९ साली सापडल्या. मी १९७० लिहिले होते, ते दुरुस्त केले आहे.

‘अभ्यास वाढवा’ हे मात्र खटकले. ज्याला आपण कधी भेटलेला नाहीत त्याची इयत्ता ठरवण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला, हे समजले तर बरे होईल.

कसरत असलीच तर ती माझी नाही, त्या भाषेची आहे. बायबलमधील ‘दुसरे शमुवेल’ या पुस्तकाच्या अकराव्या अध्यायात दावीद राजा आपला सैनिक उरीया याला सेनापती यवाबाचा शालोम विचारतो, लोकांचा विचारतो आणि त्याच दमात लढाईचाही शालोम विचारतो. ‘लढाईची शांतता’ कशी असते ते आपणच सांगावे. राजाला लढाईचे सारे ठीक चालले आहे ना, एवढेच हवे आहे (ज्याच्या बायकोला स्वतः राजाने बोलावून घेतले त्यालाच तो हे कुशल विचारतो आहे, हे निराळे). बायबलच्याच ‘निर्गम’ या पुस्तकात चोरलेल्या बैलाबद्दल पाच बैल आणि मेंढराबद्दल चार मेंढरे भरून देण्याचा नियम आहे. तेथील ‘भरून देणे’ हे क्रियापद शालोमच्याच धातूचे आहे, आणि आजही इस्रायलमध्ये दुकानदाराचे पैसे चुकते करताना तेच वापरतात. देवाशी असलेल्या नात्यातही हेच दिसते. ‘लेवीय’ या पुस्तकातील शांत्यर्पणात (या अर्पणाचे हिब्रू नावही याच धातूचे) चरबी वेदीवर जाते, ऊर आणि उजवी मांडी याजकाला मिळते आणि उरलेले मांस अर्पण करणारा आपल्या माणसांसह खातो. म्हणजे देव, याजक आणि यजमान एका पंगतीला येतात. याला नुसती ‘शांतता’ म्हणून भागत नाही.

ठाण्यात अकरा वर्षे आमचे शेजारी बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू, होते. त्यांच्या घरातले आजोबा दारफाळणीच्या, म्हणजे ज्यूंच्या प्रायश्चित्ताच्या दिवसाच्या, आदल्या दिवशी, नळाच्या पाण्यावरून वर्षभर अबोला धरलेल्या बिऱ्हाडाच्या दारात स्वतः जाऊन उभे राहिलेले मी पाहिले आहेत. दुखावलेल्या माणसाची समजूत काढल्यावाचून प्रायश्चित्ताचा दिवसही तो अपराध पुसत नाही, हे मिश्ना या ज्यू धर्मनियमांच्या प्राचीन संग्रहातील ‘योमा’ या प्रकरणातले वचन मी त्यानंतर कितीतरी वर्षांनी वाचले. आता अभ्यास कोणाचा कमी, ते आपणच ठरवा.

बायबलच्या ‘उपदेशक’ या पुस्तकात शालोम युद्धाच्या विरुद्ध अर्थाने येतो, हे मी नाकारलेच कोठे? भाल्याने दोघांना भोसकणाऱ्या फिनहासाला देवाने शालोमचा करार का दिला, हा आपला प्रश्न या लेखाच्या कक्षेबाहेरचा आहे. त्यात मी शिरत नाही.

आपण टोपणनावाने लिहिता, त्यामुळे आपल्याला संबोधावे कसे हेही कळत नाही. पुढची प्रतिक्रिया नावानिशी पाठवलीत, तर ‘अभ्यास वाढवा’ एवढे वगळून ती जशीच्या तशी ठेवीन.